लिव्हरच्या आडून

माझ्या लेकीच्या डोळ्यांतला पिवळेपणा आधी तिच्या आईला दिसला. पाऊस उघडला होता आणि दोघी ओट्यावर बसून दादरला जायच्या सोनचाफ्याच्या पुड्या बांधत होत्या. "अहो, हिचे डोळे बघा जरा," ही म्हणाली. मी चष्मा लावला, लेकीची हनुवटी उजेडाकडे वळवून पाहिलं. पिवळेच होते. त्या क्षणी माझ्या मनात पहिलं काय आलं, ते मी आजवर कुणालाच सांगितलेलं नाही. काळजी मागाहून आली. आधी समाधान आलं. 'मी सांगत होतो ना' या जातीचं समाधान. पोटच्या पोरीला कावीळ झालेली पाहून बापाला बरं वाटलं. दोन-तीन सेकंदच असेल, पण वाटलं. हे लिहायला बसलोय ते त्या दोन-तीन सेकंदांसाठी.

राजोडीला आमची वाडी आहे, किनाऱ्यावरच्या सुरूंपासून चालत दहा मिनिटांवर. थोडी केळी, नारळ, चाफा, कडेला बावखल, म्हणजे आमच्याकडचं गोड्या पाण्याचं लहान तळं. मी एकतीस वर्षं शाळेत विज्ञान शिकवलं आणि २०१७ साली निवृत्त झालो. यकृत ही शरीरातली सर्वांत मोठी ग्रंथी, वजन साधारण दीड किलो, हे वाक्य मी किती वर्गांपुढे म्हटलं असेल याचा हिशेब नाही. आतड्यातून निघालेलं रक्त हृदयाकडे जाण्याआधी यकृतातून गाळून जातं, ती आकृती मी डोळे मिटून फळ्यावर काढू शकतो. म्हणजे लिव्हरबद्दल बोलायचा अधिकार आपल्याला आहे, असं मी धरून चाललो होतो.

लेक आमची धाकटी. जन्मली तेव्हा दाखल्यावर मुलगा लिहिलं गेलं, मीही पेढे वाटले. २०१९ च्या मे महिन्यात तिच्या कपाटात मला माला-डीचं पाकीट सापडलं. एकवीस पांढऱ्या गोळ्या आणि सात तपकिरी. तपकिरी सगळ्या शाबूत, पांढऱ्यांतल्या अकरा गेलेल्या. पाकिटावरचं चित्र, त्या गोळ्यांची रांग, सगळं मला पाठ होतं. एके काळी आमच्याच घरात ती पाकिटं असायची. मला वाटलं पोराची कुणी मैत्रीण अडचणीत आहे. संध्याकाळी विचारलं तर ती म्हणाली, "बाबा, मीच घेते. मला मुलगी व्हायचंय असं नाही. मी आहेच."

मी ते पाकीट चुलीत टाकलं. आणि पहिलं वाक्य बोललो ते हे: "असल्या गोळ्यांनी लिव्हर जातं, कळतं का तुला?"

त्या दिवसापासून तीन वर्षं मी लिव्हर सोडून दुसरं काही बोललो नाही. पेपरात हार्मोनच्या दुष्परिणामांवर काही आलं की कात्रण कापून तिच्या टेबलावर ठेवायचो. जेवताना सुरू व्हायचो. 'तू मुलगी आहेस हे मला मान्य नाही' असं मी एकदाही म्हटलं नाही, कारण तसं म्हटलं असतं तर मी कोण आहे ते मलाच दिसलं असतं. लिव्हर म्हटलं की मी काळजी करणारा बाप ठरत होतो. नातेवाईक मान डोलवायचे. "बरोबर आहे सरांचं, तब्येतीचाच प्रश्न आहे."

खरी भीती वेगळीच होती. विरार लोकलमध्ये टाळी वाजली की मी पेपर वर धरायचो, तोंड झाकेल इतका वर. माझं मूल त्या टाळीच्या बाजूला उभं राहील, आणि पेपर वर धरणारा दुसरा कुणी सर त्याच्यासमोर बसलेला असेल, ही ती भीती. १५ एप्रिल २०१४ ला सर्वोच्च न्यायालयानं नालसा खटल्याचा निकाल दिला, स्वतःची लिंगओळख स्वतः ठरवण्याचा तृतीयपंथीयांचा हक्क मान्य केला. तेव्हा आमच्या स्टाफरूममध्ये त्या निकालाच्या बाजूनं तावातावानं बोलणारा मीच होतो. पाच वर्षांनी तो निकाल माझ्या उंबऱ्यावर आला आणि मी दार लावून घेतलं.

माझ्या थोरल्या भावाबद्दल लिहिल्याशिवाय हे पुरं होणार नाही. तो २००८ साली लिव्हरनंच गेला. वीस वर्षं प्यायला. लग्नात, हळदीला, मासळी चांगली मिळाली म्हणून, मिळाली नाही म्हणून. शेवटी पोटात पाणी झालं, डोळे हळदीसारखे झाले, हातापायांच्या काड्या. त्या वीस वर्षांत मी त्याला एकदाही म्हटलं नाही की दादा, लिव्हर जाईल. उलट हळदीच्या रात्री मीच त्याचा ग्लास भरून दिलेला आहे. त्याचं पिणं पुरुषाचं पिणं होतं, त्यात आम्हाला लाज नव्हती. लिव्हर मला आठवलं ते घरातल्या एका मुलानं मुलगी म्हणून जगायचं ठरवलं तेव्हा. हे मला आज एका वाक्यात लिहिता येतं. कळायला मात्र लेकीला कावीळ व्हावी लागली.

२०२२ च्या सुरुवातीला ती मुंबईत रीतसर डॉक्टरांकडे गेली. आधी मानसोपचारतज्ज्ञ, मग हार्मोनचे डॉक्टर, रक्ताच्या तपासण्या, त्यानंतर गोळ्या. दिवसाला चार मिलिग्रॅम इस्ट्राडायॉल आणि पुरुषी हार्मोन दाबायला स्पायरोनोलॅक्टोन. मला सांगितलं ते तिच्या आईनं. आमच्या दोघांत तेव्हा 'पाणी तापलंय' आणि 'लाइट गेली' एवढंच बोलणं उरलं होतं.

तेव्हा मला काढ्याची कल्पना सुचली. कोरोनात सगळ्यांनी गुळवेल प्यायली, मीही प्यायलो होतो. आमच्या विहिरीजवळ कडुनिंब आहे, त्यावर वेल चढलेली. निंबावरची गुळवेल सर्वांत गुणाची असं आजी सांगायची. मी लेकीला निरोप धाडला: गोळ्या घ्यायच्या तर घे, पण लिव्हर साफ राहायला रोज सकाळी काढा प्यायचा. ती हो म्हणाली. एप्रिलपासून रोज पहाटे मी बोटाएवढ्या जाडीचं, वीतभर लांबीचं खोड कापायचो, वरची पातळ साल खरवडायचो, ठेचून दोन पेले पाण्यात अर्धा पेला होईपर्यंत उकळायचो. साडेसहाला तिच्या दाराशी स्टीलचा पेला घेऊन उभा राहायचो. ती दार उघडायची, एका दमात प्यायची, तोंड वाकडं करायची, पेला परत द्यायची. पाच महिने. सुट्टी नाही, खाडा नाही.

सप्टेंबरमध्ये डोळे पिवळे झाले.

त्याआधीचे पंधरा दिवस तिला जेवण जात नव्हतं, लघवी चहासारखी होत होती. तिनं सांगितलं नव्हतं आणि मी विचारलं नव्हतं. ही म्हणाली, कावीळ उतरवणाऱ्याकडे नेऊ. मी तिच्यावर खेकसलो, विज्ञानाच्या मास्तरच्या घरात असलं काही चालणार नाही म्हणून. नालासोपाऱ्याच्या लॅबमध्ये रक्त दिलं. एसजीपीटी चाळीसच्या आत असायला हवं ते ४८६, बिलिरुबिन एकच्या जागी ४.२. स्टेशनकडे जाताना रिक्षात मी रिपोर्टची घडी घातली आणि म्हणालो, "झालं समाधान?" ती बाहेर बघत होती. काहीच बोलली नाही.

हॉस्पिटलमध्ये लिव्हरच्या डॉक्टर होत्या, माझ्या विद्यार्थिनीच्या वयाच्या. त्यांनी गोळ्यांची पाकिटं टेबलावर मांडली, नावं लिहून घेतली. मी वाट बघत होतो. आता त्या म्हणतील, बंद करा हे सगळं. आता माझ्या तीन वर्षांच्या बोलण्यावर शिक्का बसेल. त्या विचारत होत्या: दारू? नाही. पॅरासिटामॉल किती? कधीतरी. जिमची पावडर? नाही. पूर्वी दुसरी हार्मोन? २०१९ ला काही महिने माला-डी. बाहेरचं पाणी, बाहेरचं खाणं? लेक एकेक उत्तर देत होती. मग त्यांनी विचारलं, "काढे, चूर्ण, जडीबुटी, घरगुती असं काही?"

लेक गप्प झाली.

ती गप्प बसली तो वेळ मी पुन्हा पुन्हा मोजून बघितला आहे. भिंतीवर घड्याळ होतं आणि त्याचा आवाज येत होता. तिनं माझ्याकडे पाहिलं नाही. मुद्दाम पाहिलं नाही, हे मला तिच्या मानेवरून कळलं. मान अवघडून सरळ धरली होती, माझ्याकडे वळू नये म्हणून. तिला माहीत होतं. प्रश्न कानावर पडताच तिला कळलं होतं की बोट कुठे जाणार, आणि ती मला वाचवत होती. रिक्षात मी तिला जे बोललो त्याला दोन तास झाले होते, आणि ती मला वाचवत होती.

"मी देतो," मी म्हणालो. "गुळवेल. रोज. एप्रिलपासून."

डॉक्टर रागावल्या असत्या तर बरं झालं असतं. त्यांनी फक्त पेन उचललं आणि विचारलं, "किती, काका? ताजी की पावडर? वेल कुठली?" मी हातानं लांबी दाखवली. आपलाच हात समोर, बोटं वीतभर ताणलेली, हवेत थरथरणारी. मापाला मी आयुष्यभर पक्का. विद्यार्थ्याच्या वहीत एकक लिहायचं राहिलं तर अर्धा गुण कापणारा माणूस. आणि काय कशात किती, हे न तपासता मी पाच महिने माझ्या मुलीला एक औषध पाजलं होतं. ती जे घेत होती त्याची मात्रा ठरलेली होती, तपासणी ठरलेली होती. माझ्या पेल्याला काहीच नव्हतं, माझा हट्ट तेवढा होता.

डॉक्टरांनी सांगितलं की अशा केसेस त्यांनी पाहिल्या आहेत. घरी येऊन मी शोधून वाचलं. २०२० च्या सप्टेंबर ते डिसेंबर या काळात मुंबईत गुळवेल घेतल्यानंतर यकृताला इजा झालेले सहा रुग्ण डॉ. आभा नगराल आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी नोंदवले. २०२१ साली 'जर्नल ऑफ क्लिनिकल अँड एक्स्पेरिमेंटल हेपॅटॉलॉजी'मध्ये ते छापून आलं. पुढे देशभरातल्या तेरा केंद्रांतून अशा त्रेचाळीस रुग्णांची माहिती आली. आयुष मंत्रालयानं पहिल्या अभ्यासावर हरकत घेतली, वनस्पती नीट ओळखलेलीच नाही, दुसरी एखादी वेल असेल असं म्हटलं. तो वाद तज्ज्ञांचा आहे. लाखो लोकांनी गुळवेल घेतली आणि त्यांना काही झालं नाही, हेही खरं आहे. पण काही शरीरांत ती प्रतिकारशक्तीला अशी चेतवते की ती स्वतःच्याच यकृतावर उलटते, आणि लेकीच्या रक्तात त्याच खुणा दिसत होत्या. हिपॅटायटिसचे विषाणू ए, बी, सी, ई, एकही नव्हता.

"शंभर टक्के कशामुळे ते आत्ता सांगता येणार नाही," डॉक्टर म्हणाल्या. "त्यामुळे सध्या सगळंच थांबवू. काढाही, गोळ्याही."

म्हणजे मला जे हवं होतं ते झालं. तीन वर्षं मी ज्याच्यासाठी भांडलो, ते एका वाक्यात मिळालं. गोळ्या बंद.

ते सहा आठवडे मी विसरू शकत नाही. पहिल्या पंधरवड्यात ती नुसती झोपून होती, ते आजाराचं म्हणून समजलं. बिलिरुबिन उतरायला लागलं, भूक आली, आणि त्याच दिवसांत ती मिटायला लागली. रात्री अंगातून वाफा निघायच्या, मध्यरात्री बावखलाच्या पायरीवर जाऊन बसायची. हनुवटीवर राठ केस पुन्हा दिसू लागले तसं तिनं जेवायला बाहेर येणं सोडलं. एकदा ताट द्यायला तिच्या खोलीत गेलो तर आरशावर टॉवेल टाकलेला. दोन्ही वरच्या कोपऱ्यांना कपड्याचे चिमटे लावून, खाली सरकू नये म्हणून. नीट, विचार करून लावलेला टॉवेल. मी ताट घेऊन तिथेच उभा राहिलो. इतक्या वर्षांत मला कधी सुचलं नव्हतं की गोळ्या सुरू होण्याआधीची सगळी वर्षं हिनं अशीच काढली असतील, आणि तेव्हा आरसा उघडा होता, कारण झाकला असता तर मी कारण विचारलं असतं. गोळ्या तिला काय करतात याचीच मी चिंता वाहिली. गोळ्या नसणं तिला काय करतं, हा प्रश्न माझ्या मनाला शिवलाही नव्हता.

ताट ठेवलं आणि मी विचारलं, "त्या दिवशी डॉक्टरांना तू का नाही सांगितलंस?"

बराच वेळ ती काही बोलली नाही. मग म्हणाली, "कडू होता हो काढा. पण सकाळी तुम्ही दाराशी यायचात."

एवढंच. मी बाहेर येऊन विहिरीच्या कठड्यावर बसलो. संध्याकाळ होईपर्यंत ही मला हाक मारत होती, मला ओ देता आली नाही.

सहाव्या आठवड्यात बिलिरुबिन ०.९ आणि एसजीपीटी ६१ झालं. लिव्हरच्या आणि हार्मोनच्या, दोन्ही डॉक्टरांनी मिळून इस्ट्राडायॉल पुन्हा सुरू केलं, पण या वेळी जेल. त्या वेळी मी पहिल्यांदा तोंड बंद ठेवून ऐकलं. तोंडातून घेतलेली गोळी आतड्यातून थेट यकृतात जाते, कातडीतून गेलेलं औषध तो पहिला फेरा टाळतं. ही तर माझीच फळ्यावरची आकृती. माला-डीतलं इथिनिल इस्ट्राडायॉल वेगळं, ते यकृताला सहज मोडता येत नाही आणि रक्तात गुठळ्या होण्याचा धोका वाढवतं. म्हणून या उपचारात ते आता वापरत नाहीत. १९७३ साली 'लॅन्सेट'मध्ये गर्भनिरोधक गोळ्या आणि यकृतातल्या गाठी यांच्या संबंधाची शंका आली, लोकांच्या मनातली भीती तेव्हापासूनची. डॉक्टर देतात ते इस्ट्राडायॉल स्त्रीच्या अंडाशयात तयार होतं तेच. सायप्रोटेरोन जास्त मात्रेत यकृताला बाधू शकतं, बायकॅल्युटमाइडबाबतही जपावं लागतं. तिला त्यातलं काही नव्हतं. स्पायरोनोलॅक्टोनसाठी रक्तातलं पोटॅशियम बघायचं. पहिलं वर्ष दर तीन महिन्यांनी तपासणी, मग वर्षातून एक-दोनदा. म्हणजे माझ्या भीतीत एक कण खरा होता. तो २०१९ च्या त्या पाकिटात होता. तेव्हा मी तिला हाताला धरून डॉक्टरकडे नेलं असतं तर तो कण कामी आला असता. मी पाकीट जाळलं आणि भीती तेवढी ठेवून घेतली.

स्पायरोनोलॅक्टोनचं पाकीट हातात घेतलं तेव्हा आणखी एक आठवलं. दादाच्या पोटात पाणी झालं तेव्हा त्याला हीच गोळी होती. लिव्हर गेलेल्या माणसालाच देतात ती. शेवटच्या वर्षी रोज सकाळी मीच त्याच्या तळहातावर ठेवायचो.

जेल सुरू केल्यावरच्या पहिल्या रिपोर्टात एसजीपीटी २८ आलं. त्यानंतरचे रिपोर्टही तसेच. आंघोळ झाली की ती दोन्ही हातांना जेल चोळते आणि वाळेपर्यंत हात अंगापासून लांब धरून ओट्यावर फेऱ्या मारते. तेवढा वेळ तिला कुणी शिवायचं नाही. ही तिला चहाचा कप धरून घोट घोट पाजते. मी समोर बसून पेपर वाचतो, आता मांडीवर ठेवून.

गुळवेल अजून निंबावर आहे. तिचा काही दोष नाही.

कल्याणला ट्रान्सजेंडर लोकांसाठी 'मित्र' क्लिनिक होतं. देशातलं तसं पहिलं हैदराबादला २०२१ साली निघालं, मग कल्याण आणि पुण्याला. लेकीची एक मैत्रीण वसईहून दिव्याची गाडी पकडून तिथे जायची. २०२५ च्या सुरुवातीला अमेरिकेची मदत थांबली आणि ती तिन्ही क्लिनिकं बंद पडली. परवा ती मैत्रीण आमच्याकडे आली होती. तिला घरचं कुणी नाही. ओट्यावर बसली, पर्समधून रुमाल काढताना पाकीट खाली पडलं. माला-डी. तिनं पटकन त्यावर पाय ठेवला.

मी म्हटलं, "दाखव बघू."

तिनं लेकीकडे पाहिलं. लेकीनं मान हलवली, तेव्हा पाकीट माझ्या हातात आलं. पांढऱ्या निम्म्या संपलेल्या, तपकिरी सगळ्या संपलेल्या.

"दिवसाला किती घेतेस?"

"तीन. कधी चार."

"या तपकिरी आहेत ना, या नुसत्या लोहाच्या. यात हार्मोन नसतं," मी म्हणालो. "पायात दुखतं कुठे? पोटरी सुजते?"

"नाही, काका."

मी वहीचं पान फाडून डॉक्टरांचं नाव आणि ओपीडीचा वार लिहून दिला. तिनं कागदाची चौकोनी घडी केली, परत उघडली, परत घातली. "एकटीला आत घेतील का हो?" तिनं विचारलं.

"मी येतो ना," म्हटलं. "मंगळवारी साडेसातची लोकल. नालासोपाऱ्याला तिकीट खिडकीपाशी थांब."